वर्गातला मुलगा अचानक गप्प झाला, तर कुणाला सांगायचं?

कल्याणची शिक्षिका

मी कल्याणमध्ये माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, बावीस वर्षं झाली. वर्गात सगळ्या जातीधर्मांची मुलं आहेत. मागच्या महिन्यात शांतता समितीच्या बैठकीला शाळेतर्फे मला पाठवलं. तिथे सांगण्यात आलं, "संशयास्पद काही दिसलं की लगेच कळवा." संशयास्पद म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मीही गप्प बसले, याची आता लाज वाटते.

माझ्या दहावीच्या वर्गात दोन मुलं आहेत. एकाचे वडील टेम्पो चालवतात. नकाशा भरण्यात त्याचा हात धरणारा शाळेत कुणी नाही, नद्या तर न बघता काढतो. शाळेच्या संघाचा यष्टिरक्षक होता. गेले दीड महिने तो मागच्या बाकावर बसतो, कुणाशी बोलत नाही. क्रिकेट सोडलं. मित्राला म्हणाला की हे सगळं हराम आहे. त्याच्या मोबाईलवर बॉम्बहल्ल्यात मेलेल्या लहान मुलांचे व्हिडिओ आहेत, असं मुलं सांगतात.

दुसरा वहीच्या मागच्या पानांवर तलवारी काढतो. "यांना एकदा धडा शिकवायचाय" असले व्हिडिओ गटात टाकतो. एकदा म्हणाला, आमच्याकडे यादी तयार आहे. यादीत त्याच्याच वर्गातल्या मुलांची नावं होती.

शिक्षकांच्या खोलीत चर्चा फक्त पहिल्याची होते. दुसऱ्याबद्दल म्हणतात, वय आहे, जाईल निघून.

२०१४ मध्ये आमच्या कल्याणमधली चार तरुण मुलं यात्रेकरूंबरोबर इराकला गेली आणि तिथून आयसिस या दहशतवादी संघटनेकडे वळली. त्या वेळी मी याच शाळेत होते. शिकलेली, चांगल्या घरची मुलं. म्हणून भीती वाटते. आणि कळवलं तर पोराचं काय होईल, याचीही तेवढीच भीती वाटते. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. मी नक्की काय करू?

मीरा रोडचा प्रवासी

बाई, सरळ पोलिसांत कळवा. जास्त विचार करू नका.

११ जुलै २००६ ला संध्याकाळी लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. माझा मामेभाऊ त्या दिवशी गेला. तो कुठल्या डब्यात होता, ते आम्ही त्याच्या चपलेवरून ओळखलं. एकोणीस वर्षं खटला चालला आणि २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयात अपील आहे, पण माझी मामी आता ऐंशीची झाली. ती एवढंच विचारते, मग माझ्या पोराला मारलं कुणी? कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत कुकरमध्ये ते सामान भरलं असेल. शेजारी असतील, घरमालक असेल. कुणीच काही पाहिलं नाही? म्हणून म्हणतो, ज्याला दिसतंय त्याने बोललंच पाहिजे.

निवृत्त सहायक फौजदार

बाई, आणि मीरा रोडचे भाऊ, दोघांनाही नमस्कार. मी १९८६ ला शिपाई म्हणून भरती झालो, २०२२ ला निवृत्त झालो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. भाऊंचं दुःख मोठं आहे आणि त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे: कुणीच काही कसं पाहिलं नाही? छत्तीस वर्षं मी याच प्रश्नाभोवती फिरलो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

१९८९ ला माझी बदली भिवंडीला झाली. भिवंडी म्हणजे त्या काळी पोलिसांना शिक्षा वाटायची. १९७० ची शिवजयंतीची दंगल, १९८४ ची दंगल, दोन्ही लोकांच्या अंगावर ताज्या होत्या. सुरेश खोपडे साहेब उपायुक्त होते. दंगल झाल्यावर कोण कुठे काय करतो याचा त्यांनी अभ्यास केलेला, आणि त्यांचं म्हणणं असं की बंदोबस्त वाढवून दंगल थांबत नाही, माणसं एकमेकांना ओळखत असतील तरच थांबते. म्हणून मोहल्ला कमिट्या काढल्या. आधीच्या शांतता कमिट्यांत पुढारी, व्यापारी, मौलाना, मंडळाचे अध्यक्ष असायचे. वर्षातून दोनदा चहा-बिस्किटं खाऊन फोटो काढायचे. या नव्या कमिट्यांत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा, रिक्षावाला, पानवाला, घरकाम करणारी बाई, अशी माणसं घेतली, दोन्ही बाजूंची. आणि कमिटी चालवायची कुणी? बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या भागातल्या, हवालदाराने, शिपायाने. म्हणजे मी.

मला काही जमत नव्हतं. पहिली बैठक सुताला खळ लावतात त्या एका सायझिंगच्या गोदामात झाली. बाहेर लूमची खटखट इतकी, की ओरडून बोलावं लागायचं. मी फळ्यावर 'जातीय सलोखा' असं लिहिलं. कुणी काही बोलेना. शेवटी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "ते राहू दे, आमच्या गल्लीतली गटार कधी उपसणार ते सांग." गटार दोन्ही वस्त्यांच्या मधून जायची. पावसात तुंबली की पाणी एका बाजूला मारुतीच्या देवळात आणि दुसऱ्या बाजूला मदरशात शिरायचं, आणि तुमच्यामुळे तुंबली म्हणून दरवर्षी दगडफेक. मी ते वहीत लिहून घेतलं. नगरपालिकेत अकरा चकरा मारल्या. पोलिसाचं ते काम नव्हे, वरिष्ठांपैकी एकाने मला तसं सुनावलंही. पण गटार उपसली. पुढच्या बैठकीला गोदामात बसायला जागा नव्हती.

मग नवरा-बायकोची भांडणं आली, भाड्याची भांडणं आली, मुलाला तमाशात पळवून नेलंय अशी तक्रार आली, हरवलेली बकरी आली. मी वहीत लिहीत गेलो. वर्षभरात मला त्या दोन गल्ल्यांतल्या प्रत्येक घरात किती पोरं, कोण कुठे कामाला, कोण दारू पितो, हे ठाऊक झालं. आणि त्यांना माझं लग्न ठरत नाहीये हेही ठाऊक झालं.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली. मुंबई पेटली. माझ्या बीटमध्ये रात्री अफवा आली की दुधात विष घातलंय. मी सायकलवर निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी बाकडं आडवं टाकून दोघं बसलेले. एक वडापाववाला, एक लूमवर कांड्या भरणारा. वडापाववाला प्रत्येक येणाऱ्याला स्वतः त्याच दुधाचा चहा पाजत होता आणि आधी घोट स्वतः घेत होता. रात्री तीनपर्यंत. त्यांना हे करायला मी सांगितलं नव्हतं. भिवंडी त्या वेळी शांत राहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कशामुळे राहिली, ते मी त्या बाकड्यावर पाहिलं. पुढे मुंबईतही रिबेरो साहेब, सतीश साहनी साहेब, सुशोभा बर्वे वगैरेंनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या.

तुम्ही म्हणाल, हे दंगलीचं झालं, दहशतवादाचं काय? बाई, दोन्हींचा धागा एकच. मुंबईच्या दंगलीनंतर दोन महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला स्फोट झाले, २५७ माणसं गेली. ती दंगल हे स्फोटांमागचं एक कारण दिसतं, असं दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानेही लिहून ठेवलंय. पोरांना फूस लावणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तो खरी जखम घेऊन येतो आणि तिच्यावर मीठ चोळतो.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. ठाणं आणि शहर सांगत नाही. २००६ साल. स्फोटांनंतर वरून दबाव, प्रत्येक ठाण्याला माणसं आणा, विचारा. आमच्याकडे मोबाईल दुरुस्त करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याने एका गिऱ्हाइकाला विकलेलं सीमकार्ड कुठल्यातरी यादीत निघालं. आम्ही त्याला उचललं. दोन दिवस, दोन रात्री बाकावर बसवून ठेवला, स्टेशन डायरीत नोंद न करता. मारलं नाही, पण झोपूही दिलं नाही. मी तिथेच होतो. तिसऱ्या दिवशी सोडला, काहीच निघालं नाही. त्याचे वडील माझ्या कमिटीत आठ वर्षं होते. वस्तीत नवा भाडेकरू आला तरी ते मला सांगायचे. सोडल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, चहा दिला. म्हणाले, "साहेब, तुम्ही कधीही या, चहा मिळेल. खबर मागू नका." पोराचं दुकान घरमालकाने काढून घेतलं होतं.

दीड वर्षाने त्याच वस्तीत एका खोलीत हत्यारं सापडली. शेजाऱ्यांना महिनाभर माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. भाऊ, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे आहे. लोक पाहतात. पण ज्याला सांगायचं, त्यानेच मागच्या वेळी पोराला बसवून ठेवलेलं असतं.

मालेगावला तर हे अख्ख्या देशाने पाहिलं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, कब्रस्तानात आणि मशिदीजवळ स्फोट, मेलेले मुसलमान, आणि पकडलेले नऊही मुसलमान. बहुतेकांचे पाच वर्षांनी जामीन झाले, २०१६ ला न्यायालयाने सोडलं. २००८ च्या मालेगाव स्फोटात दुसऱ्या बाजूची माणसं पकडली, ३१ जुलै २०२५ ला तेही सातही सुटले. दोन्ही वेळा मेलेल्यांच्या घरी न्याय पोचला नाही. चुकीचा माणूस आत गेला की बरोबरचा बाहेर राहतो, हे पोलिसात राहून मला उशिरा कळलं.

आता तुमच्या दोन मुलांबद्दल. दोघांना एकाच मापाने मोजा. ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) गावठी बॉम्ब पकडले, ते कुठल्या मोहल्ल्यातून नव्हे. तलवारीची चित्रं काढणाऱ्याकडे यादी असेल तर मला ते गप्प बसणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण त्यात नावं आहेत.

पोलिसांकडे केव्हा जायचं? हत्यार किंवा ते बनवायचं सामान दिसलं, कुठून तरी अचानक पैसा आला, घरी न सांगता लांबच्या प्रवासाची तयारी दिसली, एखाद्या माणसाचं किंवा जागेचं नाव घेऊन तारीख बोलली गेली, तर थांबायचं नाही. त्याच तासाला ११२. मग तो कितीही लाडका विद्यार्थी असो. आणि दाढी ठेवली, टिळा लावला, नमाज सुरू केला, सिनेमा सोडला, गप्प झाला, यातलं काही म्हणजे गुन्हा नव्हे. ते वहीत आणू नका. पोराचं नाव एकदा ठाण्याच्या वहीत गेलं की निघत नाही. साध्या वेशातला माणूस घरी येऊन जातो, शेजारी पाहतात, वडिलांचं गाडीवरचं काम सुटतं. आणि ज्या गोष्टीची तुम्हाला भीती होती तिच्याकडे आपणच त्याला ढकललेलं असतं.

आधी घरी जा. आईला भेटा. तुमच्याइतका वेळ त्या पोराने पोलिसाला कधीच दिलेला नाही.

भिवंडीचा लूमवाला

फौजदार काका, तुम्ही सांगितलेली बाकड्याची गोष्ट माझ्या वडिलांकडून ऐकलीय. गल्ली कुठली ते ओळखलं. आमचं घर कोकणी मुसलमानांचं, चार पिढ्या भिवंडीत.

पण पुढचंही लिहायला हवं. खोपडे साहेब बदलून गेले, कमिट्या ढिल्या पडल्या. नवीन अधिकारी आले ते बैठका घ्यायचे, पण पुन्हा पुढाऱ्यांच्याच. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला, गोळीबारात दोघं गेले आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. ते पोलीसही कुणाचे तरी मुलगे होते. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. त्याच्या चौदा वर्षं आधी जे शहर शांत राहिलं तेच हे. जुनी कमिटी जिवंत असती तर त्या जागेचा वाद सहा महिने आधी गोदामात बसून बोलला गेला असता, असं माझे वडील मरेपर्यंत म्हणायचे.

डिसेंबर २०२३ मध्ये दहशतवादाचा तपास करणाऱ्या एनआयएने आमच्याच तालुक्यात पडघ्याजवळ बोरिवली गावात छापे घातले. खटल्यात काय व्हायचं ते होईल. पण त्यानंतर आमच्या भागात आयांची झोप उडाली. माझी बहीण मुलाच्या मोबाईलचा पासवर्ड मागते आणि तो देत नाही. तिने कुणाला विचारायचं? मौलानांना सांगावं तर बदनामी, पोलिसांना सांगावं तर वर काकांनी लिहिलंय ते. बाई, तिला तुमच्यासारखं कुणी हवंय. कल्याणच्या त्या चार मुलांच्या घरच्यांनीच पोलिसांना कळवलं होतं, हे विसरू नका. आईबाप लपवतात असं सगळे म्हणतात. नाही लपवत. त्यांना दार सापडत नाही.

बर्मिंगहॅमहून

मी पंधरा वर्षं इथे इंग्लंडमध्ये औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, मूळची सांगलीची. इथला एक अनुभव सांगते. २०१० मध्ये स्पार्कब्रुक आणि वॉशवूड हीथ या मुसलमानबहुल भागांत दोनशेहून जास्त कॅमेरे लावले. लोकांना सांगितलं, गाड्यांची चोरी, गुंडगिरी यांच्यासाठी. नंतर कळलं की पैसा दहशतवादविरोधी निधीतून आलाय आणि काही कॅमेरे लपवलेले आहेत. लोक इतके चिडले की कॅमेऱ्यांवर पिशव्या बांधाव्या लागल्या, पोलिसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि २०११ मध्ये सगळे काढले. माझ्याकडे औषधं घ्यायला येणारे एक आजोबा स्थानिक पोलिसांच्या सल्लागार गटात होते. त्यांनी राजीनामा दिला. म्हणाले, मला माझ्याच शेजाऱ्यांशी खोटं बोलायला लावलं.

इथे २०१५ पासून कायद्याने शिक्षकांवर जबाबदारी आहे की मुलगा कट्टरतेकडे झुकतोय असं वाटलं तर कळवायचं. काही मुलं त्यातून खरंच वाचतात, त्यांना समुपदेशक मिळतो, गुन्हा नोंदवला जात नाही. पण माझ्या मुलीच्या वर्गातली मुलं आता पॅलेस्टाईनबद्दल वर्गात प्रश्नच विचारत नाहीत. घरी जाऊन फोनला विचारतात. बाई, तुमच्या वर्गात तो प्रश्न विचारता येतो का, हे एकदा बघा.

कल्याणची शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. मीरा रोडच्या भावांनो, तुमच्या मामींबद्दल वाचून दोन दिवस काही सुचलं नाही.

फौजदार काका, एक विचारायचं होतं. यादीचं काय करू? तो मुलगा म्हणतो, मस्करी होती.

निवृत्त सहायक फौजदार

मस्करी असेल तर यादी दाखवेल. कागदावर आहे की मोबाईलवर, कुणी दिली, हे त्याच्या वडिलांसमोर विचारा, एकट्याला गाठून नको. बाहेरच्या कुणी मोठ्या माणसाने दिली असेल तर त्या माणसाचं नाव घेऊन ठाण्यात जा, पोराचं नव्हे. मी सोबत येतो. कल्याणातच राहतो.

मीरा रोडचा प्रवासी

काका, तुमचं लिहिलेलं मामीला वाचून दाखवलं. त्या मोबाईलवाल्या पोराचं पुढे काय झालं, असं ती विचारते.

निवृत्त सहायक फौजदार

सुरतला गेला. तिथे स्वतःचं दुकान आहे. वडील वारले तेव्हा आला होता, मी मातीला गेलो होतो. त्याने मला पाहिलं, सलाम केला, बोलला नाही. माझंही धाडस झालं नाही. मामींना नमस्कार सांगा.

कल्याणची शिक्षिका

काल पहिल्या मुलाच्या घरी गेले होते. एकच खोली, पोटमाळा. आई मशीनवर गाऊनला लेस लावत होती, मला पाहून घाबरली. मी म्हटलं, नकाशांची स्पर्धा आहे, त्याचं नाव द्यायचंय. खरंच आहे स्पर्धा, जिल्ह्याची.

तो माळ्यावरून उतरला. अर्धा तास काही बोलला नाही. मग स्वतःच मोबाईल पुढे केला. एका इमारतीच्या ढिगाऱ्यातून लहान मुलीला बाहेर काढतायत, असा व्हिडिओ. म्हणाला, "बाई, हे खरं आहे का? कुणी काहीच का करत नाही?" हे त्याला पाठवतं कोण, विचारलं. एक गट आहे, त्यातला एक दादा त्याच्याशी रोज रात्री बोलतो. तो दादा कोण, कुठला, हे त्यालाही माहीत नाही. आजवर प्रत्यक्ष भेटलेला नाही, पण आता दिवाळीच्या सुट्टीत भेटू म्हणतोय. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने मशीन थांबवलं आणि हात तसेच कापडावर ठेवून बसून राहिली.

आम्ही जमिनीवर नकाशा पसरला. तो प्रदेश कुठे आहे, सीमा कशा बदलत गेल्या, ते मी माझ्या परीने सांगितलं. जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं. निघताना त्याने दादाचा नंबर माझ्या वहीत लिहून दिला. फौजदार काका, तो नंबर घेऊन सोमवारी तुमच्याबरोबर यायचंय. मुलाला आणि आईला विचारलंय, दोघं हो म्हणाले. आईचं म्हणणं एवढंच की घरी कुणी येऊ नये.

दुसऱ्या मुलाच्या वडिलांची रात्रपाळी असते, ते रविवारी भेटणार आहेत.